भडंगची शिकवणी

भडंग हे नाव मुलानं ठेवलं,
पुण्याला नोकरीवर जायच्या आठ दिवस आधी.
फोडणीत चुरमुरे पडले की जसे उसळतात
तसा हा, दाराची कडी वाजली की.
दूधवाला, गॅसवाला, मीटर बघायला आलेला माणूस,
सगळे याच्या लेखी गावाहून आलेले मामा.
आवटीकाकूंची नवी इरकल
याच्या प्रेमानं पदरापासून फाटली, त्या संध्याकाळी
मी मगदूम सरांना फोन लावला.

पहाटे सहा. विश्रामबागच्या मागलं मैदान.
हळदीच्या गोदामाकडून वारा फिरला
की सगळ्या कुत्र्यांना एकदम शिंका.
भूपाल मगदूम, पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त,
पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री,
खिशात शिट्टी, पण ती कधी वाजवत नाहीत.
गूळवाल्या शहांची जर्मन शेफर्ड
आधीच बसलेली, लग्नाच्या पंगतीत बसावं तशी.
आणि भडंग पट्टा माझ्या पायांत गुंडाळून
मैदानातल्या प्रत्येकाला भेटून आला,
गोलपोस्टालासुद्धा.

"बसतोस का रे जरा, बघ ती कशी बसलीय,
बस ना, बस की, बस म्हणते ना मी…"
"बाई," मगदूम म्हणाले, "अर्ज करू नका.
शब्द एकदाच टाकायचा.
दुसऱ्यांदा म्हणला, की पहिला फुकट गेला."
मग त्याच्याकडं न बघताच म्हणाले,
"बस."
भडंग बसला.
मीही बसले, ओल्या गवतात,
आणि का बसले ते कळायच्या आत उठले.

तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत
"रांगेत थांबा, रांगेत थांबा" म्हणत होते.
घरी "गोळी घेतली का" रोज चारदा.
"पोचलास की फोन कर" हे तर
एसटी स्टँडाबाहेर वळेपर्यंत, काचेवर टकटक करून.
किती पहिले शब्द फुकट घालवले, देव जाणे.

दुसऱ्या आठवड्यात भडंगला "बस" पक्कं कळलं,
इतकं, की जेवताना ह्यांनी भातावर हात आडवा धरून
"बस, बस" म्हटलं तरी हा ताटाशेजारी बसायचा.
"तासगावची बस गेली का?" फाटकाबाहेर कुणी विचारलं
की आत हा बसलेला, चेहऱ्यावर कर्तव्य.

"थांब" मात्र जड गेलं.
त्याला थांबवून पाठ फिरवायची, वीस पावलं जायचं.
"मागं बघायचं न्हाई," मगदूम म्हणाले,
"तुमी बघितला, की त्यो उठला."
नदीकडून धुकं आलेलं. मी मोजत गेले,
सात, आठ. मागं गवत खसखसत होतं,
नऊ. बाकी सगळा कुत्रा बसलेला होता,
फक्त शेपटी बसत नव्हती.
बाराव्या पावलाला मी बघितलंच.
त्यानंतर काय झालं ते माझ्या चष्म्याला विचारा.

चाळीस दिवस भरले.
परीक्षेत शहांची पहिली आली.
भडंग नापास नाही, पासही नाही.
मगदूमांनी वहीत लिहिलं, "ऐकू येते. पटत नाही."

परवा तेच घरी आले, फीची पावती द्यायला.
कडी वाजली.
मी म्हणाले, "थांब." एकदाच. वजन ठेवून.
भडंग थांबला, मोजून तीन श्वास,
आणि मग चाळीस दिवस एका झेपेत ओलांडून
चिखलाचे दोन पंजे
त्या पांढऱ्या शर्टावर, इस्त्रीच्या घडीवर बरोबर.
मी माफी मागणार होते,
पण मगदूमांनी गल्लीत आधी डावीकडं पाहिलं,
मग उजवीकडं.
कुणी नव्हतं.
मग त्यांनी पावती दातांत धरली
आणि दोन्ही हात मोकळे केले.