एकोणपन्नास टक्के

बातमी दुपारी अडीचला आली,
सोलापुरात त्या वेळी कुत्रंही उगीच भुंकत नाही.
इलियास डाईंगच्या दारातूनच ओरडला,
"साखरपेठ विकली बे!"
सगळी?
"नाही. एकोणपन्नास टक्के."

मी हौदात सूत बुडवत होतो.
हसलो.
हसायलाच पाहिजे, मी लष्करचा.
जुन्या मिलच्या मैदानावर, धुराड्याच्या सावलीत बसून
तीस वर्षं त्यांच्या गोलकीपरच्या खानदानाची चौकशी केलेला माणूस.

संध्याकाळी कट्ट्यावर जागा पुरेना.
"एकोणपन्नास म्हणजे नेमकं गेलं काय?"
"डावा पाय. कोंडाचं पोरगं आता उजव्यानंच मारणार."
"गोलपोस्टचा आडवा बांबू मालकाचा, उभे दोन पेठेचे."
"हाफटाइमपर्यंत टीम पुण्याची."
मुश्ताक बागवान म्हणाला, चादर मिक्स झाली बे,
पांघरा खुशाल, घाम पुसू नका.
बसवराज मास्तर तेवढे हसले नाहीत.
"आपल्याला विचारलं का कुणी?"
नाही की.
"एक टक्का तरी?"
मग बराच वेळ सगळे
बशीतला गार झालेला चहा फुंकत बसले.

रविवारी आरोळी घेऊन गेलो, बापांच्या वेळची:
साखरपेठ, साखरपेठ,
मुंग्या लागल्या गोलात थेट!
फलकावर नाव होतं सॉफ्टेरा साखरपेठ एफसी.
ठेका बसेना.
दोनदा धरला, दोनदा सुटला.
सॉफ्टेराला मुंग्या लागत नाहीत.

आणि पलीकडच्या पायऱ्यांवर
निम्मे नव्या टी-शर्टात, निम्मे जुन्या जांभळ्यात,
एकमेकांना तेलुगूतून असं काही बोलत होते
की त्यांना आमच्याकडं बघायला सवड नव्हती.
शत्रूची एवढी बेपर्वाई
मी कधी पाहिली नव्हती.
आम्ही दोन-शून्य जिंकलो,
हे सांगायचं राहिलंच.

आता माझं.
त्यांचा जांभळा एकवीस वर्षं मीच काढला.
हात कोपरापर्यंत रंगलेले,
त्याच हातांनी लष्करसाठी टाळ्या.
पोरं म्हणायची, हात धुऊन ये बे, गद्दार दिसलालास.
मी दरवर्षी हौदात मीठ एक मूठ कमी टाकायचो,
तिसऱ्या धुण्याला रंग उतरावा म्हणून.
हे आमच्या घरातसुद्धा माहीत नाही.
एका फायनलच्या वर्षी पुरतं टाकलं होतं.
का, ते विचारू नका.

यंदा जर्सी तिरुपूरहून आली,
खोक्यातून, घडीसकट.

सामना सुटल्यावर सायकलींपाशी राजेशम गाजूलनं गाठलं.
सत्तरीचा माणूस, लूमच्या आवाजानं एक कान गेलेला.
नातवाच्या नव्या टी-शर्टाचा एक दोरा
त्यानं दातानं तोडला आणि काडी ओढली.
दोरा जळून राख झाला नाही.
आक्रसला. काळा मणी होऊन बसला बोटावर.
"बघ," म्हणाला.
मी म्हटलं, आम्हाला काय त्याचं, तुम्ही हारलात की.
"हारलो की."

मग चांगला कान माझ्याकडं करून,
"मीठ कमी टाकायचास ना बे तू?"
मी सायकलच्या घंटीशी खेळत राहिलो.
"आमची ही पहिल्याच धुण्याला
मूठभर मीठ टाकून भिजवायची.
म्हणायची, लष्करवाल्याचं राहिलेलं."

काय बोलणार?
एकवीस वर्षं दोन घरांनी मिळून
एक रंग पक्का केला होता
आणि कुणाच्याच कागदावर त्याची टक्केवारी नव्हती.

आता डाईंगमध्ये नुसतं पांढरं येतं, हॉटेलचे टॉवेल.
हात उजळत चाललेत.
नखांच्या कडेला थोडा जांभळा आहे अजून.
परवा बायकोनं लिंबू दिलं, घासून टाका म्हणाली.
मी ते चहात पिळलं.