येतो

एकाच आठवड्यात दोन पत्रं आली.
एक कन्नडात, एका कागदाचं, शिक्का जरा तिरका.
दुसरं इंग्रजीत, पुण्याहून, जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात,
आत गवतावर बसून हसणारी पोरं.
मराठीत एकही नाही.
घरात तिन्ही वाचणारा मी एकटाच.

एकटाच म्हणालो. मुलगी आहे मी.
आमच्या अनगोळात पोरी असंच बोलतात:
मी आलो, मी जेवलो, मी दमलो.
कुणाला काही वाटत नाही.

पुण्याच्या मुलाखतीत वाटलं.
"बेळगावहून रात्रीच्या बसनं आलो," म्हणालो,
तर टेबलापलीकडच्या बाई हसल्या. वाईट नाही हसल्या.
"आले म्हणायचं गं," आणि मग,
"पण मराठी छान आहे हं तुझं, कर्नाटकातली असून."
त्यानंतर रिग्रेशन विचारलं. सगळं आलं.

नऊ लाख चाळीस हजार, दोन वर्षांचे. खोली, जेवण वेगळं.
इथल्या सरकारी विद्यापीठाचे सगळे मिळून एकवीस हजार
आणि काकतीकडं जाणारी बस, पास काढला की झालं.
दोन्हीकडं संख्याशास्त्रच शिकायचं,
म्हणून वहीच्या मागच्या पानावर हप्ता काढला:
पंधरा हजार चारशे, एकशेवीस वेळा.
शेवटचा फिटेल तेव्हा मी पस्तीसचा.
पस्तीसची.
वहीला काय, कसंही लिहा.

बँकेतले सर म्हणाले, घराचा उतारा आणा.
भरमाण्णा काका म्हणाले, जा की गं, पुणं म्हणजे आपलं राज्य,
एवढी वर्षं घोषणा दिल्या त्या कशाला?
काकांना मी सांगितलं नाही
की आपल्या राज्याच्या फॉर्मात
माझी खूण 'इतर राज्ये' ह्या चौकोनात होती.

आई बराच वेळ गप्प. साडीला फॉल लावत होती.
दोरा दातानं तोडला आणि म्हणाली,
बिर्ज्यांच्या शर्वरीला तिथं लगेच नोकरी लागली म्हणे.
तेही खरंच. तेही वहीत मांडलं.
एका शर्वरीवरून सरासरी निघत नाही,
पण शर्वरी दिसते, सरासरी दिसत नाही.

शुक्रवारी पाचपर्यंत पैसे भरायचे होते.
गुरुवारी रात्री पप्पांच्या पिशवीतला व्हर्नियर काढला, उगाच,
आणि दोन्ही पत्रं मोजली.
पुणं: तीन पूर्णांक चौऱ्याऐंशी मिलिमीटर.
बेळगाव: शून्य पूर्णांक एक.
पप्पा उद्यमबागेत सव्वीस वर्षं लेथवर.
त्यांनी व्हर्नियर हातातून घेतला, कापडानं पुसला.
"टॉलरन्स किती?"
कशाचा?
"जॉबचा. किती फरक सोसतो ते पहिलं ठरवायचं,
मग मापाला बसायचं. तू उलटं करायला लागलीस."
मग पिशवीची चेन लावत,
"उतारा आणलाय. टीव्हीच्या मागं आहे.
माझ्याकडं बघून नको म्हणू नकोस."

तो उतारा मी वाचला.
आमचं आडनाव नेहमीसारखं एका अक्षरानं चुकलेलं.
घर मात्र बरोबर होतं, खिडकीसकट,
म्हणजे खिडकी त्यात नव्हती, मला दिसली.

शुक्रवारी पाच वाजले तेव्हा चहा ठेवला होता.
सोमवारी मेल आला, जागा दुसऱ्याला दिली.
रडलो थोडं. ते लिहायला हवं.

आता सकाळी सव्वाआठची बस.
शेजारी शिवलीला बसते, हुक्केरीची.
तिला पुण्याचं सांगितलं तर विनोदच कळेना.
नानु बंदे म्हटलं की झालं, बाई काय अन् बाप्या काय,
त्यात हसायचं कुठं?
आधी सगळं मराठी व्याकरण सांगावं लागलं.
हसू आलं तिला, पण काकती मागं पडल्यावर.

वर्गातला पंखा फिरत नाही. पुस्तकाची प्रत एकच,
ती कुणीतरी आधीच नेलेली.
अशा दुपारी गवतावरची ती पोरं आठवतात.
आठवतात, त्याला काय करणार.

घरातून निघताना मी म्हणतो, येतो.
पप्पा डबा पिशवीत ठेवत, वर न बघता,
ये.