स्पष्टम्

विश्वामित्री उतरल्याच्या चौथ्या दिवशी
तळघराचं कुलूप काढलं, तेव्हा
हसुभाई काठी आपटत आधी आत गेला.
मगर नव्हती.
आदल्या दिवशी शेजारच्या सोसायटीत
स्कूटरींच्या रांगेत एक निघाली होती.
इथं नुसता गाळ, गुडघाभर,
आणि खालच्या फळीवरचं लाल बासन
सुटून त्यात बसलेलं.

पोथी त्रिपाठी. म्हणजे
मधे मूळ, ठसठशीत, हिंगुळाच्या शाईत,
वर-खाली टीका, काळी, मुंगीएवढ्या अक्षरांची,
आणि समासात टीकेवरची टिपणं,
जागा संपली तिथं वळून
कडेनं वर चढत गेलेली.
शेवटच्या पानावर लेखनिकाची विनवणी:
पाठ वाकली, नजर गेली,
हिला पाण्यापासून जपा.

पंख्याखाली, टीपकागदांच्या मधे
एकेक पान सोडवलं.
लाखेत घोटलेली काजळी तशीच होती.
हिंगूळ वाहून गेला होता.
प्रत्येक पानाच्या मधोमध
एक गुलाबी डाग,
भोवती शाबूत, दाटीवाटीनं,
त्याच्याविषयी बोलणारे.

निफाडकर सर म्हणाले, घाबरू नका बाई,
मूळ असं बुडत नसतं.
टीकाकार शब्द आधी उचलतो,
इति म्हणून खाली ठेवतो, मग उकलतो.
तुम्ही फक्त इतिच्या मागचं वेचत जा.

वेचत गेले.
दांडिया बाजारात गणपती बसले, उठले,
भिंतीवरची पाण्याची रेघ वाळून पांढरी झाली.
पहिला म्हणतो, हे वाक्य गुरूनं
नदी ओलांडताना सांगितलं, कमरेइतक्या पाण्यात.
दुसरा पहिल्याचं नाव घेत नाही, 'कश्चित्' म्हणतो,
आणि म्हणतो शिष्य नव्हताच,
गुरू एकटाच बोलत होता.
तिसरा दोघांनाही हसतो:
बोलणाराच नव्हता. वाक्य तेवढं होतं.
आणि समासातला चौथा, बहुधा इथलाच,
चक्क मराठीत लिहितो:
तिघांचेही पोट भरलेले दिसते.

अकरा शब्दांपैकी दहा मिळाले.
साधा 'न'सुद्धा मिळाला,
त्याच्यावर तर साडेतीन पानं.
अकराव्यापाशी
पहिला लिहितो: स्पष्टम्.
दुसरा: स्पष्टोऽर्थः.
तिसरा, जो जन्मात कुणाशी सहमत झाला नाही,
तोही स्पष्टम् म्हणतो
आणि पुढं निघून जातो.
समासात: हे कोणासही कळते.

कोणासही कळत होतं
म्हणून कोणी उचललं नाही,
इति म्हणून खाली ठेवलं नाही.
तंजावरला विचारलं, उज्जैनला विचारलं.
दुसरी प्रत नाही.

पुण्याहून बहीण फोनवर,
पुरात काय काय गेलं गं?
मी यादी सांगते. फ्रीज, गाद्या,
लोणच्याच्या बरण्या, विजेचं मीटर.
आणि?
आणि काय, मी म्हणते,
आणि दोघी जरा वेळ फोन धरून राहतो.

सर म्हणतात, टिंबं द्या.
किती?
अक्षरं असतील तितकी.
मी डागावर पट्टी ठेवते.
दोन मावतील. दाटीनं तीन.

संध्याकाळी हसुभाई कुलूप घेऊन येतो,
खांद्यावरून वाकून पान बघतो.
बेन, अहीं शुं हतुं?
बोट डागावर, न टेकवता.

दहा शब्द मला पाठ आहेत,
तिघांची भांडणंही.
स्पष्ट होतं, हसुभाई.

तो मान डोलावतो
आणि दिवे घालवायला जातो.