पावती

आईच्या चंचीत पानसुपारी नाही, पावत्या आहेत.
कुकरची, मानखुर्दच्या बाजारातली,
शाई उडून कोरी झालेली.
छोटीच्या पैंजणांची.
एका जुन्या मोबाइलची, जी दुकानदार देत नव्हता
म्हणून हायकोर्ट
दिवेलागणीपर्यंत त्याच्या पायरीवर बसून राहिला.

हायकोर्ट माझा भाऊ.
चुलता जामिनावर सुटला त्या दिवशी जन्मला,
म्हणून हे नाव.
शाळेत मास्तर हसले.
चौकीत हसले नाहीत,
आडनाव विचारलं, जात विचारली,
आणि पेन खाली ठेवलं.

आता तो झोपत नाही.
पुलाखाली गस्तीची गाडी वळते,
तिचा उजेड आमच्या ताडपत्रीवरून सरकतो
आणि हा ताठ उभा राहून म्हणतो,
हजर.

सायनच्या ओपीडीत डॉक्टरीण तरुण होती.
कधीपासून होतं असं?
तो पंख्याकडे बघत राहिला.
घरात आणखी कुणाला?

मी म्हटलं, आज्याला.
आजा सोलापूरच्या सेटलमेंटात वाढला, तारेच्या आत.
पाळण्यातच गुन्हेगार, तसा कायदाच होता.
हजेरी दिवसा, हजेरी रात्री.
बावन्न साली तार तोडली, सगळे नाचले म्हणतात.
आजा त्या रात्रीही दोनला उठला.
नावं पुकारायला कुणी आलं नाही,
तर उजाडेपर्यंत घाबरून उभा.
मरेपर्यंत उठत होता, बाई,
त्याचा केसपेपर कुणी काढला नाही.
तो कायदा गेला.
आता आम्हाला सराईत म्हणतात.

तिने इंग्रजीत एक ओळ लिहिली.
एवढं सगळं एका ओळीत
कसं बसलं असेल?

रात्री एक, जेवल्यावर.
आतल्या खिडकीवर गोळ्या संपलेल्या,
बाहेरून घ्या म्हणाले.
रस्त्यापलीकडच्या मेडिकलवाल्याने
पट्टी कापून सहा दिल्या,
पैसे गल्ल्यात टाकले
आणि माझ्या खांद्यावरून पुढचं गिऱ्हाईक बघितलं.

हायकोर्ट हलेना.
काच धरून उभा, ओठ हलतायत, आवाज नाही.
मागचे लोक चिडायला लागले.
तेव्हा मीच,
थेट आईच्या आवाजात,
म्हटलं, भाऊ, बिल द्या.
सहाच गोळ्यांचं?
सहाच गोळ्यांचं. नावानिशी.

नाव काय, त्याने विचारलं.
मी सांगितलं.
हसला.
पण लिहिलं.