हजाराच्या वरचं

पाणी म्हणजे एक हजार.
ते धरलेलंच असतं, त्याचा हिशोब कुणी मागत नाही.
आपलं जे काही, ते हजाराच्या वर.

गोरखचं बॅटऱ्यांचं दुकान खाली, देवपुरात.
माझ्या या भावाला काचेच्या नळीतले दोनच आकडे ठाऊक:
बाराशे ऐंशी, म्हणजे भरली.
अकराशे वीस, म्हणजे गिऱ्हाइकाला आधी चहा सांगा.
मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
पोरांनी फोडलेल्या नळ्यांची नोंद ठेवली.
निवृत्तीच्या दिवशी न फुटलेली एक
सरांनी रुमालात गुंडाळून हातात दिली.
नारळापेक्षा बरी.

सातूला मोड आणून गच्चीवर वाळवले,
द्रुपदाबाईच्या बिबड्यांशेजारी, तिच्याच धोतराच्या उरलेल्या टोकावर.
हे कशाचं, तिनं विचारलं.
सत्त्वाचं, म्हटलं. खोटं नव्हतं.
गिरणीवाला मात्र दोनदा म्हणाला, ताई, एवढं जाड?

मग सासष्ट अंशांवर तासभर, गोधडीत गुंडाळलेलं पातेलं.
बशीत आयोडीनचा थेंब:
पहिल्यांदा शाईसारखा काळा,
तिसऱ्यांदा आपल्या रंगाचा, तपकिरी.
पीठ संपलं होतं. बोट चाटलं. गोड.

गाळून अकरा लिटर.
नळी सोडली, ती दोनदा डुलली आणि थांबली:
हजार पस्तीस.
वहीत अकरा गुणिले पस्तीस, तीनशे पंच्याऐंशी.
हवे होते वीस लिटरला अठ्ठेचाळीस, म्हणजे नऊशे साठ.
गोरख पायरीवरून, बनियनवर:
"कितलं कमी पडनं?"
पाचशे पंच्याहत्तर.
तो गप्प. मीही.
भाच्यानं नाशिकहून पाठवलेलं माल्टच्या पुडीचं पाकीट एक किलोचं,
आणि एका किलोत तीनशे सत्तर. त्याच्यावर एक नाही.

पातेलं दुपारपासून टबात होतं.
टबाचं पाणीच त्रेचाळीस. मे महिन्यात धुळ्यात
थंड करणं याच्या खाली जात नाही.
आणि नळीच्या मानेवर, मुंगीएवढ्या अक्षरांत,
जे मी एकतीस वर्षं दर जूनमध्ये नव्या पोरांना वाचायला लावलं:
वीस अंशांना.

तापलेलं पातळ होतं. नळी त्यात खोल जाते, कमी सांगते.
सात मिळवायचे.
पस्तीस नव्हते, बेचाळीस होते.
अकरा गुणिले बेचाळीस, चारशे बासष्ट.
सत्त्याहत्तर सातूंनी दिलेच होते,
उन्हानं ते पदराखाली धरलेले.

तरी पुडी घालून आठशे बत्तीसच.
"गूळ टाकी दे," गोरख म्हणाला. "वाटीभर. कोन पाही ऱ्हायनं?"
गुळानं आकडा भरतो. अंग भरत नाही.
हे त्याला पटवायला मला अर्धा तास लागला असता
आणि पातेलं उघडं होतं.
मी भागाकार केला.
आठशे बत्तीस भागिले अठ्ठेचाळीस:
सतरा लिटर, वर एक पेला.
पाणी तेवढंच घालायचं.
आठ-दहा बाटल्या कमी भरतील.
"बरं," तो म्हणाला, आणि त्या पेल्यातलं थोडं पिऊन टाकलं.
मी पुन्हा भरायला लावला.

रात्री, उरलेली उष्णता बर्फाच्या लादीनं काढल्यावर,
यीस्ट टाकलं.
गोरखनं कॅनवर लाल ऑइलपेंटनं लिहिलं, १०४८,
खाली तारीख, सवयीनं: "वॉरंटी नाही".

पहाटे जाग आली ती बुडबुड्यानं.
कॅनमध्ये आकडा उतरायला लागला होता,
बाराकडे, सावकाश.
खाली, बंद शटरच्या आत,
कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला लावलेली,
तिचा चढत होता.
मी मध्ये, जिन्यात,
दोन्हीकडे कान देऊन उभी.