खूण

शिडी घसरली. दोन बरगड्या मोडल्या.
बरगड्यांसाठी काढलेल्या स्कॅनमध्ये
डाव्या मूत्रपिंडाच्या माथ्यावर
काहीतरी बसलेलं दिसलं,
तीन पूर्णांक सहा सेंटीमीटर,
न दुखणारं, न बोलावलेलं.

आपल्याकडे त्या ग्रंथीला अधिवृक्क म्हणतात.
एका अक्षरानं वृक्ष व्हायचं राहून गेलेली.
त्सिरिलला हे ठाऊक असायचं कारण नाही.
तो एकतीस वर्षं कोचेव्येच्या रानात
झाडांवर खुणा करतोय:
बुंध्याशी साल तासायची, हातोड्याचा एक ठोका.
शिक्का उठला की करवतवाले येतात.
ज्याच्यावर नाही, ते उभं.

चोवीस तासांची लघवी जमवायला सांगितली.
मिलोय्कानं तो डबा फ्रिजमध्ये
सफरचंदाच्या रसाशेजारी ठेवला
आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: त्सिरिल.
रात्री अकराला एक गोळी, सकाळी आठला रक्त.
शहाणी ग्रंथी त्या गोळीनं गप्प होते,
हट्टी होत नाही.
त्याची झाली.

ल्युब्ल्यानात डॉक्टर ह्रिबेर्निक
पडद्यावर पेन टेकवून म्हणाली,
हा घनतेचा आकडा दहाच्या आत असता
तर म्हटलं असतं, घरी जा, विसर.
गाठ चारच्या वर असती, कडा फाटक्या असत्या,
तर आज तारीखच दिली असती.
तुझा आकडा एकोणीस.
तुझी गाठ कुंपणावर बसलीय.

मेहुणा म्हणाला, काढून टाक, डोक्याला ताप नको.

त्सिरिलला तो फर आठवला.
किंचित कललेला, ठोकल्यावर पोकळ वाजल्यासारखा.
खूण केली. पाडला.
आतून दुधासारखा स्वच्छ.
गुडघ्यांवर बसून त्यानं वर्तुळं मोजली,
एकशे बेचाळीस,
आणि घरी कोणाला सांगितलं नाही.
आणि तो स्प्रूसही, ज्याला त्यानं सोडलं,
राहू दे म्हणाला, पुढच्या साली बघू;
सालीखालचे भुंगे तोवर
शेजारच्या अकरा झाडांत शिरले होते.
तेही सांगितलं नाही.

त्यानं विचारलं, डॉक्टर, तुम्ही चुकलात कधी?
तिनं चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.
हो. दोन्हीकडून.

मग कितीतरी वेळानं त्याला बरं वाटलं.

ठरलं ते असं: बारा महिन्यांनी पुन्हा स्कॅन.
पाच मिलिमीटर वाढली, आणि पाचव्या हिश्शाहून जास्त,
तर काढायची.
नाही वाढली तर नाही.
पाच मिलिमीटर म्हणजे किती,
ते त्यानं अंगठ्याच्या नखावर मोजून पाहिलं.

बसमध्ये त्यानं रानाची वही काढली.
गट सत्तेचाळीस, बीच, एक्केचाळीस, खूण.
गट सत्तेचाळीस, फर, अडतीस, खूण.
त्याखाली, त्याच पेन्सिलीनं:
डावी बाजू. तीन पूर्णांक सहा.
उभी.

डबा मिलोय्कानं तीनदा धुतला.
आता त्यात करवतीचं तेल असतं.
नाव तसंच आहे.