शून्य वर्षं

अकरा वर्षं, अल्विनच्या नावावर.
एकही दावा नाही, म्हणून हप्त्यात घसघशीत सूट.
आता त्याला समोरचा दिवासुद्धा धुकट दिसतो.
लायसन्स त्याने स्वतःच पाकिटात घालून परत पाठवलं.

ग्लेनिसने फोन लावला.
विमा कंपनीतली मुलगी गोड बोलली:
पॉलिसीवर तुम्ही नुसत्या जादा चालक, मॅडम.
तुमच्या नावावर शून्य वर्षं.

म्हणजे स्वान्सीच्या हॉस्पिटलचे हेलपाटे शून्य.
बर्फातली ती चढण, दुसऱ्या गिअरमध्ये, शून्य.
आणि अल्विनने चॅपेलच्या फाटकाला घासलेलं दार,
जे तिने लोकरीच्या टोप्या विकून
गुपचूप रंगवून घेतलं,
त्याची सूट जाऊ नये म्हणून,
तेही?

"काय म्हणाली?"
"म्हणाली, नवशिकी आहे मी."
तो हसला. मग हसायचा थांबला.

लानेथ्लीच्या बाजाराला निघाले तेव्हा
डाव्या सीटवर त्याचा पाय
नसलेला ब्रेक दाबत राहिला.
ती काही बोलली नाही.
आरसा आपल्या उंचीला आणला,
आणि घरी परतल्यावर
या खेपेला तो
तसाच राहू दिला.